दाखल्यावर दाखला : आइकमन जेनोआच्या धक्क्यापर्यंत कसा पोहोचला

१७ जून १९५० रोजी इटलीतल्या जेनोआ बंदरातून ‘जोव्हाना सी’ ही बोट ब्युनॉस आयर्सला निघाली. प्रवाशांत रिकार्डो क्लेमेंट नावाचा एक तंत्रज्ञ होता. कागदोपत्री जन्म २३ मे १९१३, जन्मगाव बोल्झानो, नागरिकत्व कुठलंच नाही. रेड क्रॉसचा प्रवासी दाखला, अर्जेंटिनात उतरण्याचा परवाना, व्हिसा, तब्येतीच्या तपासणीचा शेरा, तिकीट : सगळं जागच्या जागी. यातला एकही कागद कुठल्या तळघरातल्या छापखान्यातून आलेला नव्हता. शिक्के खरे होते, सह्याही खऱ्या माणसांच्या होत्या. खोटी होती ती फक्त त्यांत भरलेली माहिती.

या माणसाचं खरं नाव अ‍ॅडॉल्फ आइकमन. जन्म १९ मार्च १९०६, झोलिंगेन. वाढला ऑस्ट्रियातल्या लिंझमध्ये. एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलातला हुद्दा ओबरष्टुर्मबानफ्युरर, म्हणजे साधारण लेफ्टनंट कर्नलच्या तोडीचा. बर्लिनच्या राइश सुरक्षा मुख्यालयातल्या ‘४ ब ४’ या विभागाचा तो प्रमुख होता. युरोपभरच्या ज्यूंना हुडकून, मोजून, मृत्युछावण्यांकडे जाणाऱ्या आगगाड्यांत भरण्याचं वेळापत्रक या विभागाच्या टेबलावर ठरे. आयुष्यभर याद्या, परवाने आणि शिक्के यांतच वावरलेला हा माणूस. त्याची सुटकाही त्याच वस्तूंनी झाली, हे या प्रकरणाचं वैशिष्ट्य.

अशा वाटांना इंग्रजीतून ‘रॅटलाइन’ हे नाव पडलं. शब्द मूळचा खलाशांचा. शिडाच्या जहाजात डोलकाठीला आधार देणाऱ्या दोरखंडांवर आडव्या दोऱ्या बांधून चढण्यासाठी पायऱ्या केलेल्या असतात, त्या रॅटलाइन. जहाज बुडायला लागलं की शेवटचा आसरा तोच. नाव ऐकून भुयारं, मध्यरात्रीच्या पाणबुड्या आणि ‘ओडेसा’ नावाची सर्वव्यापी गुप्त संघटना डोळ्यांपुढे येते. ओडेसाची कल्पना फरार नाझींचा माग काढणाऱ्या सायमन विझेंथालने लोकप्रिय केली, पण नंतर उघडलेल्या दफ्तरांतून असं एकसंध यंत्र काही हाती लागलेलं नाही. दिसतात ते सुटे सुटे दुवे : कुठे एखादा जुना एसएस सहकारी, कुठे गावच्या पालिकेतला कारकून, कुठे मठातला पाद्री, कुठे वकिलातीतला अधिकारी. बऱ्याच दुव्यांना पुढच्या-मागच्याची पूर्ण माहितीही नसायची. मोठी संघटना असती, तर एक माणूस फुटल्यावर सगळी उघडी पडली असती. सुट्या दुव्यांचं तसं होत नाही.

पाच वर्षं, चार नावं

आइकमन युद्ध संपताच अर्जेंटिनाला पळाला, असा एक सरसकट समज आहे. प्रत्यक्षात तो पाच वर्षं जर्मनीतच होता, आणि त्यातले पहिले काही महिने तर चक्क अमेरिकनांच्या कैदेत.

मे १९४५ मध्ये तो ऑस्ट्रियातल्या आल्टाउसे या डोंगराळ गावातून निसटला. पकडला गेला तेव्हा पहिलं नाव सांगितलं आडोल्फ बार्थ, हवाई दलातला कॉर्पोरल. हे नाव टिकणारं नव्हतं. एसएसच्या माणसांच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला रक्तगट गोंदलेला असे आणि अमेरिकन तपासनीस आधी तीच जागा पाहत. म्हणून त्याने कथा बदलली : एसएसचा आहे, पण साधा उंटरष्टुर्मफ्युरर, म्हणजे सेकंड लेफ्टनंट, ओटो एकमन. ही निवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. एसएस असल्याचं कबूल केल्यामुळे गोंदणाचा प्रश्न मिटला. अधिकारी म्हटल्यामुळे कष्टाची कामं टळली. आइकमन आणि एकमन कानाला जवळचे, त्यामुळे एखाद्या ओळखीच्याने छावणीत जुन्या नावाने हाक मारलीच, तरी ‘चुकीचं ऐकलं असेल’ म्हणता येत होतं. जन्मतारीख तीच ठेवली, फक्त साल एकाने मागे नेलं, म्हणजे झोपेतून उठवून विचारलं तरी चुकायला नको. जन्मगाव सांगितलं ब्रेस्लाऊ. तिथली दफ्तरं युद्धात नष्ट झाली होती आणि शहर आता पोलंडच्या ताब्यात होतं. पडताळा घ्यायचा तरी कुठे?

वायडेन आणि मग फ्रँकोनियातल्या ओबरडाखष्टेटन या छावण्यांत हे नाव चाललं. घोटाळा झाला तो बाहेरून. ३ जानेवारी १९४६ रोजी न्यूरेंबर्ग खटल्यात त्याचाच जुना हाताखालचा माणूस डीटर विस्लिसेनी साक्षीला उभा राहिला आणि आइकमनचं नाव जगापुढे आलं. आता छावणीत कुणीतरी तोंड उघडणार हे नक्की होतं. कैदी असलेल्या एसएस अधिकाऱ्यांच्या संमतीने तो तिथून पळाला. एका सहकैद्याचा भाऊ उत्तर जर्मनीत वनखात्यात होता. त्याच्या नावे चिठ्ठी मिळाली. तिसरं नाव : ओटो हेनिंगर.

हेनिंगर या नावाने त्याने ल्युनेबर्गच्या माळरानावर, त्सेले शहराच्या परिसरात, आधी जंगलात लाकूडतोड केली. ब्रिटिश विभागातला हा कोपरा मोठ्या शहरांपासून दूर आणि निर्वासितांनी भरलेला, त्यामुळे नवा चेहरा कुणाला खटकत नसे. १९४८ मध्ये चलन बदललं, लाकडाची कंपनी बुडाली. मग आल्टेनझाल्झकोट या वाडीत खोली घेऊन शंभरेक कोंबड्या पाळल्या आणि अंडी विकून पैसा साठवला. बेर्गेन-बेल्झेनची नाझी छळछावणी तिथून फार लांब नव्हती.

इथे चुकलं कुणाचं? दोस्त राष्ट्रांकडे लाखो युद्धकैदी होते आणि शोधयाद्या नावांवर चालत. नाव बदललं की यादी आंधळी. चेहऱ्यावरून शोधावं तर आइकमनने फोटो काढून घेणं आयुष्यभर टाळलं होतं. त्याचा एक फोटो शोधकर्त्यांच्या हाती लागला तोच मुळी लिंझमधल्या त्याच्या एका जुन्या मैत्रिणीच्या अल्बममधून, तोही खूप खटपटीनंतर.

दक्षिण टायरोलची फट

जर्मनीतून समुद्र गाठायचा तर इटली जवळ. पण इटलीत शिरल्यावर पहिला थांबा दक्षिण टायरोल हाच का, याचं उत्तर नकाशात कमी आणि नागरिकत्वाच्या कायद्यात जास्त सापडतं.

हा जर्मन बोलणारा डोंगराळ प्रांत पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे गेला. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी तिथल्या लोकांपुढे पर्याय ठेवला : जर्मन व्हा आणि राइशमध्ये, म्हणजे नाझी जर्मनीत, जा, नाहीतर इटलीत राहा आणि इटालियन व्हा. बहुसंख्यांनी जर्मनी निवडली, पण त्यातले पुष्कळ जण प्रत्यक्षात हललेच नाहीत. युद्ध संपल्यावर ते लोक ना इटलीचे, ना जर्मनीचे, असे अधांतरी राहिले. रेड क्रॉस प्रवासाचे कागद देत असे ते नेमके ज्यांना कुठल्याच देशाचा पासपोर्ट मिळू शकत नाही अशांना. राइशमधला जर्मन या सोयीला पात्र नव्हता; दक्षिण टायरोलचा बिननागरिक जर्मन पात्र होता. दोघांची भाषा तीच, आडनावं तशीच, चेहरेही तसेच. म्हणजे एका जर्मनाला ‘मी बोल्झानोचा’ एवढंच सिद्ध करता आलं, की पुढचं दार आपोआप उघडत होतं.

दुसरी गोष्ट पोलिसांची. जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोस्तांच्या ताब्यात होते; इटलीत दोस्तांचा लष्करी कारभार १९४५ च्या अखेरीस संपला. ऑस्ट्रिया-इटली हद्दीवरची ब्रेनर खिंड ओलांडली की अमेरिकन किंवा ब्रिटिश तपासनिसाचा हात पोहोचत नव्हता, आणि इटालियन अधिकाऱ्यांना निर्वासितांचे लोंढे लवकरात लवकर बंदरातून बाहेर गेलेले हवे होते. कुणाला पकडून ठेवण्यात त्यांचा काडीचा फायदा नव्हता.

ओळखपत्र मिळण्याचं ठिकाण म्हणजे टेर्मेनो, जर्मनमध्ये ट्रामिन. द्राक्षमळ्यांचं छोटं गाव; गेव्युर्त्झट्रामिनर या वाइनच्या नावात ते आजही आहे. या गावच्या पालिकेतून २ जून १९४८ रोजी रिकार्डो क्लेमेंटच्या नावाने ओळखपत्र निघालं. त्याच गावातून त्याच वर्षी हेल्मुट ग्रेगोर नावानेही एक निघालं. हा ग्रेगोर म्हणजे आउशविट्झ मृत्युछावणीतला डॉक्टर योझेफ मेंगेले. एवढ्याशा गावातून दोन असे ‘रहिवासी’ निघावेत, यावरून तिथे पाणी मुरत होतं हे कळायला फार हुशारी लागत नाही. तारीखही नीट पाहावी : जून १९४८. आइकमन तेव्हा उत्तर जर्मनीत कोंबड्यांना दाणे टाकत होता. माणूस येण्याच्या दोन वर्षं आधी कागद तयार होता.

कागदांची उतरंड

घरात मडक्यांची उतरंड असते, तशी ही कागदांची होती. सगळ्यात खालचं मडकं टेर्मेनोचं, आणि वरचं प्रत्येक मडकं खालच्याच्या जोरावर उभं. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला घेऊन तहसीलमधून दुसरा दाखला काढावा आणि तो दाखवून तिसरा, हा अनुभव आपल्याकडे कुणाला नवा नाही. फरक इतकाच की इथे तळातलं मडकंच पोकळ होतं, आणि वरच्या कुणीही वाकून तळ पाहिला नाही.

पालिकेचं ओळखपत्र सांगे, हा माणूस बोल्झानोचा. मात्र तेवढ्यावर परदेशी जाता येत नव्हतं.

दुसरा कागद अर्जेंटिनातून येई : उतरण्याचा परवाना. त्यासाठी अर्जदार स्वतः हजर लागत नसे. ब्युनॉस आयर्समधल्या कुणी त्याच्या वतीने अर्ज केला की स्थलांतर खात्यात फाइल उघडे आणि मंजुरी युरोपातल्या वकिलातीला कळवली जाई. क्लेमेंटच्या फाइलचा क्रमांक २३१४८९, पुढे तिरकी रेघ आणि ४८; म्हणजे हीसुद्धा १९४८ सालचीच. एसएस अधिकारी एरिक प्रीबके आणि मेंगेले यांच्या फायलींचे क्रमांक तर एकापाठोपाठ एक आहेत : २११७१२ आणि २११७१३. दोन अनोळखी निर्वासितांचे अर्ज असे हातात हात घालून येत नसतात.

अर्जेंटिनाला यात रस का होता? १९४६ मध्ये निवडून आलेल्या हुआन पेरोन यांना जर्मन तंत्रज्ञ हवे होते, आणि नुसती सहानुभूतीही होती. विमानशास्त्रज्ञ कुर्ट टांक १९४७ मध्येच कॉर्डोबाला जाऊन जेट विमानाच्या कामाला लागला होता. ब्युनॉस आयर्समध्येच जन्मलेला आणि पुढे एसएसमध्ये कॅप्टन झालेला कार्लोस फुल्डनर अर्जेंटिनाच्या वतीने युरोपात येऊन जेनोआ आणि बर्न इथून ही भरती पाहत होता. त्या आड हवे ते आणि नको ते सगळेच खपले. याच देशाने १२ जुलै १९३८ रोजी ‘परिपत्रक ११’ हा गुप्त आदेश काढून जर्मनीतून जीव वाचवून येऊ पाहणाऱ्या ज्यूंना व्हिसा नाकारायला आपल्या वकिलातींना सांगितलं होतं. ते परिपत्रक औपचारिकरीत्या रद्द झालं २००५ मध्ये.

तिसरा कागद रेड क्रॉसचा, आणि उतरंडीतला सगळ्यात मोक्याचा. त्याला ‘१०.१००’ या नमुन्याच्या क्रमांकाने ओळखत. निर्वासिताला एकदा, एकाच दिशेने प्रवास करता यावा एवढ्यासाठी तो काढलेला. पासपोर्ट म्हणावा असा तो नव्हताच. धारकाने स्वतःबद्दल जे सांगितलं ते त्यात लिहिलेलं असे. १९५१ पर्यंत असे किमान १,२०,००० दाखले दिले गेले. त्यातले बहुतेक सगळे खरोखरच घरदार गमावलेल्यांचे. जेनोआ किंवा रोमच्या कचेरीत मोजके कर्मचारी आणि दारात रांगच रांग. शिफारसपत्र कुणाचं आहे एवढंच पाहिलं जाई. शिफारस पाद्र्याची असली की प्रश्न मिटला.

क्लेमेंटच्या अर्जावर शिफारस होती जेनोआतल्या एदोआर्दो डोमोटर या हंगेरियन फ्रान्सिस्कन पाद्र्याची. १ जून १९५० रोजी दाखला निघाला, क्रमांक १००९४०. तो हातात आल्यावर अर्जेंटिनाच्या वकिलातीतून व्हिसा, जेनोआतल्याच त्यांच्या स्थलांतर कचेरीत डॉक्टरांची तपासणी, मग बोटीचं तिकीट. या शेवटच्या टप्प्यांत अडवण्यासारखं काही उरतच नाही. व्हिसा देणारा रेड क्रॉसचा शिक्का पाहतो, रेड क्रॉस पाद्र्याची सही पाहतो, पाद्री टेर्मेनोचं ओळखपत्र पाहतो.

चर्चच्या वाट्याबद्दल नेमकेपणाने बोलायला हवं, कारण इथे लोक एकतर सगळं व्हॅटिकनवर ढकलतात नाहीतर सगळं झाकतात. रोममधल्या जर्मन धर्मसंस्थेचा प्रमुख, ऑस्ट्रियन बिशप आलॉइस हुडाल, उघड नाझीधार्जिणा होता. ३१ ऑगस्ट १९४८ रोजी त्याने पेरोनकडे पत्र लिहून जर्मन आणि ऑस्ट्रियन ‘सैनिकां’साठी ५,००० व्हिसा मागितले. क्रोएशियन पाद्री क्रुनोस्लाव्ह द्रागानोविच रोमच्या सान जिरोलामो संस्थेतून उस्ताशांना, म्हणजे क्रोएशियन फॅसिस्टांना, वाट काढून देत होता. यांना आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक होतं. पण मठाच्या दारात रात्री आलेल्याला भाकरी आणि खाट देणारे इतर कित्येक जण ‘कम्युनिस्टांपासून पळालेला बिचारा’ एवढंच समजत, किंवा तेवढंच समजून घेणं त्यांना सोयीचं होतं. आइकमन जन्माने प्रोटेस्टंट होता आणि त्याने तोही धर्म सोडला होता. मठाच्या खाटेआड त्यापैकी काहीच आलं नाही.

मे आणि जून १९५०

प्रत्यक्ष प्रवास, ज्याला आपण ‘पलायन’ म्हणतो, तो उरकला अवघ्या काही आठवड्यांत. मे १९५० मध्ये त्याने आल्टेनझाल्झकोट सोडलं. आगगाडीने दक्षिणेला, वाटाड्याबरोबर डोंगरातून ऑस्ट्रियाची हद्द, तिथून इन्सब्रुक आणि ब्रेनर. हद्द चालत ओलांडायची तर सामान हा सगळ्यात मोठा धोका. जंगलातून सूटकेस घेऊन येणाऱ्याला कुणीही हटकेल. म्हणून ती सूटकेस एका स्थानिक पाद्र्याने आपल्या सायकलवर टाकून चौकीवरून उघडपणे पलीकडे नेली. पाद्र्याच्या सायकलवरची पेटी कोण उघडणार? पलीकडे सामान आणि मालक पुन्हा एकत्र आले.

मग मेरानो आणि बोल्झानोच्या टापूत तयार ठेवलेलं टेर्मेनोचं ओळखपत्र हातात पडलं आणि हेनिंगर संपून क्लेमेंट सुरू झाला. पुढे जेनोआत फ्रान्सिस्कनांकडे मुक्काम. वरचे सगळे शिक्के जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गोळा झाले, १७ ला बोट, आणि १४ जुलैला ब्युनॉस आयर्स. चार आठवड्यांच्या समुद्रप्रवासात त्याला कुणी काही विचारल्याची नोंद नाही.

उतरल्यावरही व्यवस्था होती. फुल्डनरच्याच ‘काप्री’ या कंपनीला सरकारकडून टुकुमान प्रांतात जलविद्युत प्रकल्पाच्या पाहणीचं कंत्राट होतं आणि तिथे जर्मन स्थलांतरितांचा भरणा होता. क्लेमेंट राजधानीपासून हजारेक किलोमीटरवर नद्यांचं पाणी मोजायला गेला.

शिवण कुठे उसवली

इथवरची रचना एका माणसासाठी बेतलेली होती. बायको आणि तीन मुलगे आल्टाउसेलाच होते, आणि त्यांच्यासाठी नवं नाव कुणी बेतलं नव्हतं.

पहिली खटपट १९४७ ची. पत्नी व्हेरा हिने नवऱ्याला मृत घोषित करण्यासाठी अर्ज केला. प्राग इथे एप्रिल १९४५ मध्ये तो मारला गेल्याचं शपथपत्र सोबत होतं. हे झालं असतं तर आइकमनचं नाव शोधयाद्यांतूनच गळालं असतं. मेलेल्याला कोण शोधतो? विझेंथालने शपथपत्र करणारा तिचाच मेहुणा असल्याचं शोधून काढलं आणि अर्ज बारगळला. त्याच्या साऱ्या कामगिरीत ही एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण हिच्यात काहीच नाट्य नाही. फक्त एक खोटा दाखला निघू दिला नाही.

१९५२ च्या उन्हाळ्यात व्हेरा आणि मुलं आल्टाउसेहून गुपचूप नाहीशी झाली. विझेंथालच्या सांगण्यानुसार मुलांच्या शाळेतून पुढच्या शाळेसाठी लागणारा दाखलाही कुणी मागितला नव्हता. तो नसेल तर ऑस्ट्रियात किंवा जर्मनीत दुसऱ्या शाळेत नाव घालता येत नाही. म्हणजे मुलं या दोन्ही देशांत जाणार नव्हती. ती अर्जेंटिनाला उतरली तेव्हा मुलांना बापाची ओळख ‘रिकार्डो काका’ म्हणून करून देण्यात आली. बाईने माहेरचं लीब्ल हे नाव लावलं. मुलांनी मात्र आइकमन हेच आडनाव ठेवलं.

ही चूक का झाली असावी? मुलांची नावं बदलायची तर त्यांच्यासाठी वेगळी उतरंड रचावी लागली असती : पालिकेचा दाखला, रेड क्रॉस, शिफारस, सगळं पहिल्यापासून. शिवाय सोळा वर्षांच्या मुलाला वेगळं आडनाव शिकवणं सोपं नाही. आणि १९५२ मध्ये अर्जेंटिनात त्याची गरजही कुणाला भासली नाही. तिथल्या जर्मन वर्तुळात क्लेमेंट कोण हे उघड गुपित होतं. १९५७ मध्ये तर त्याने विलेम सासेन या माजी डच एसएस पत्रकारापुढे टेपरेकॉर्डर चालू ठेवून कित्येक तास स्वतःच्या कामगिरीच्या गप्पा मारल्या.

१९५३ मध्ये काप्री बुडाली. कुटुंब ब्युनॉस आयर्सच्या ओलिव्होस उपनगरात, चाकाबुको रस्त्यावर ४२६१ क्रमांकाच्या घरात भाड्याने राहू लागलं. लाँड्री काढली, ती बसली. सशांचं फार्म झालं. १९५९ पासून मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात नोकरी.

याच काळात थोरला मुलगा क्लाउस याची एका मुलीशी ओळख वाढली. तिचे वडील लोथार हेर्मान अर्धे ज्यू होते, डाखाउची छावणी सोसलेले, आणि आता जवळजवळ अंध. क्लाउस त्यांच्या घरी येऊन बापाच्या युद्धातल्या पराक्रमाच्या फुशारक्या मारी. पुढे वर्तमानपत्रात आइकमनचं नाव वाचून दाखवलं गेलं तेव्हा हेर्मान यांना दुवा लागला. मुलगी पत्ता शोधत घरी गेली. दार उघडणाऱ्याने आपण काका असल्याचं सांगितलं; थोड्या वेळाने क्लाउस आला आणि त्याच्या तोंडून ‘बाबा’ निघून गेलं.

हेर्मान यांनी १९५७ मध्ये हेसेन राज्याचे महाअभियोक्ता फ्रिट्झ बावर यांना लिहिलं. बावर यांचा स्वतःच्या देशाच्या न्यायखात्यावर विश्वास नव्हता. बातमी आरोपीपर्यंत पोहोचेल ही भीती रास्त होती. त्यांनी ती गुपचूप इस्राएलला दिली. पश्चिम जर्मनीच्या गुप्तचरांकडची एक गोष्ट तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती : १९५२ चं एक कार्ड, ज्यावर आइकमन ‘क्लेमेन्स’ या खोट्या नावाने अर्जेंटिनात असल्याचं नोंदलेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणावं, तर इथे वळसा घालायचीही कुणाची तयारी नव्हती. हे कार्ड जगाला दिसलं २०११ मध्ये.

मोसाद या इस्राएलच्या गुप्तचर संघटनेने सुरुवातीला स्वतःच घोळ घातला. १९५८ मध्ये घर पाहून आलेल्या माणसाला ते इतकं कळाहीन वाटलं की एवढा मोठा नाझी इथे राहूच शकत नाही, असं त्याने ठरवून टाकलं. पळालेल्यांकडे लुटीची संपत्ती असणारच, हा समज आइकमनच्या फारच कामी आला. हेर्मान यांच्याकडून पुढची माहिती मागवली, तर विजेचे मीटर दागोतो आणि क्लेमेंट या नावांवर असल्याचं कळलं. पण त्यांनी घरमालक श्मिट हाच आइकमन असा निष्कर्ष काढला. श्मिट तिथे राहतच नव्हता. चोर सोडून संन्याशाला धरल्यासारखं झालं, आणि मोसादने हेर्मान यांच्यासकट सगळा धागाच सोडून दिला. क्लेमेंट हे नाव मीटरवर तसंच राहिलं.

डिसेंबर १९५९ मध्ये बावर दुसऱ्या स्रोताकडून तेच नाव घेऊन इस्राएलमध्ये आले. क्लेमेंट, आणि मीटरवरही क्लेमेंट. आता दुर्लक्ष अशक्य होतं. १९६० च्या सुरुवातीला इस्राएलचा तपासनीस झ्वी आहारोनी ब्युनॉस आयर्सला पोहोचला, तेव्हा कुटुंब सान फेर्नांदो भागात गारिबाल्डी रस्त्यावर वीज नसलेल्या नव्या घरात गेलं होतं. जमिनीच्या नोंदणीत मालकीण म्हणून व्हेराचं नाव निघालं, पुढे ‘दे फिकमन’. कारकुनाच्या हातून पहिलं अक्षर चुकलं होतं, पण लिहायचं काय होतं ते स्पष्ट होतं. नवरा क्लेमेंट, आणि जमिनीच्या कागदावर बायको आइकमनची.

२१ मार्चला क्लेमेंट फुलांचा गुच्छ घेऊन घरी आला. १९३५ मध्ये आइकमन आणि व्हेरा यांचं लग्न त्याच तारखेला झालं होतं; लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. ११ मे १९६० च्या संध्याकाळी नेहमीच्या बसने तो आला नाही. आठनंतरच्या बसमधून उतरला आणि घरापासून काही पावलांवर पकडला गेला. नऊ दिवस एका घरात ठेवून २० मे रोजी त्याला ‘एल आल’ या इस्राएली कंपनीच्या विमानाने बाहेर काढलं. ते विमान अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्यलढ्याच्या दीडशेव्या वर्षानिमित्त इस्राएली पाहुण्यांना घेऊन आलेलं होतं. खटला ११ एप्रिल १९६१ ला जेरुसलेममध्ये उभा राहिला. फाशी १९६२ च्या ३१ मेच्या मध्यरात्री.

हीच शिवण इतरांची

घराकडून उसवण्याचं हे एकटं उदाहरण नाही. फ्रान्समधल्या लिऑन शहरातला गेस्टापोचा (नाझी गुप्त पोलिसांचा) अधिकारी क्लाउस बार्बी याला तर खुद्द अमेरिकन लष्करी गुप्तचरांनीच द्रागानोविचला पैसे देऊन १९५१ मध्ये बोलिव्हियाला पोहोचवलं, क्लाउस आल्टमन या नावाने. कागद उत्तम. पण आल्टमनच्या दोन मुलांची पाळण्यातली नावं आणि जन्मतारखा बार्बीच्या मुलांशी तंतोतंत जुळत होत्या, आणि १९७२ मध्ये नाझींचा माग काढणाऱ्या बेआटे क्लार्सफेल्ड यांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. १९८३ मध्ये तो फ्रान्सच्या हवाली झाला, १९८७ मध्ये जन्मठेप.

ट्रेब्लिंका मृत्युछावणीचा कमांडंट फ्रांझ श्टांगल याने तर नाव बदलण्याचीही तसदी घेतली नाही. १९४८ मध्ये लिंझच्या तुरुंगातून निघून गेला, रोममध्ये हुडालने कागद दिले, सीरियामार्गे १९५१ मध्ये ब्राझील. साओ पावलोजवळ फोक्सवागेनच्या कारखान्यात कामाला होता आणि ऑस्ट्रियाच्या वकिलातीत खऱ्या नावाने नोंदलेला. १९६७ पर्यंत कुणी आलं नाही. त्याच्याकडे पाहिलं की आइकमनच्या चार नावांची मेहनत जरा जास्तच वाटते.

मेंगेले सापडलाच नाही. १९५६ मध्ये त्याने ब्युनॉस आयर्समधल्या पश्चिम जर्मन दूतावासातून स्वतःच्या खऱ्या नावाने पासपोर्ट घेतला होता, तरीही. पण आइकमन पकडला गेल्याची बातमी फुटल्यावर तो एकटाच, कुटुंबाशिवाय, ब्राझीलमध्ये दडला, आणि १९७९ मध्ये समुद्रात पोहताना मेला.

राहता राहिला १००९४० क्रमांकाचा रेड क्रॉसचा दाखला. १९६० मध्ये आइकमन नाहीसा झाल्यावर ब्युनॉस आयर्सच्या न्यायालयात अपहरणाच्या तक्रारीची फाइल उघडली गेली, आणि त्या फाइलमध्ये तो जाऊन पडला. २००७ मध्ये संशोधनासाठी जुनी बाडं चाळताना तो सापडला. आता तो तिथल्याच होलोकॉस्ट संग्रहालयात आहे. फोटोत चष्मा, सूट, गळ्याला बो टाय. खाली लिहिलेलं : क्लेमेंट, रिकार्डो. तंत्रज्ञ. बोल्झानो.